ह्यां आदीच आसा!

आमच्या वाडीत कुणी नवी वस्तू केली किंवा आणली, की ती आधी देवापुढे ठेवतात, मग शेजाऱ्यांना दाखवतात आणि भाऊ लेन्सकरांपासून होईल तेवढे दिवस लपवतात. पण मालवणच्या किनाऱ्यावर तळलेल्या बांगड्याचा वास आणि नव्या वस्तूची बातमी झाकून राहत नाही. तिसऱ्या दिवशी भाऊ खळ्यात हजर. चष्मा कपाळावर चढतो, गळ्यातल्या दोरीला लटकणारा फोन डोळ्यांसमोर येतो, एक फोटो निघतो, अंगठा दोनदा सरकतो आणि निकाल लागतो, "ह्यां आदीच आसा!"

लेन्सकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. आमच्याकडे गावाच्या नावाला 'कर' जोडलं की आडनाव होतं. भाऊंचा मुक्काम दिवसभर गुगल लेन्समध्ये असतो, म्हणून ते लेन्सकर. वय बहात्तर, अंगात बनियन, कमरेला पंचा. फोनच्या काचेला आडवा तडा गेलेला आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू त्यांना मुळातच दुभंगलेली दिसते.

सवय जुनी, हत्यार तेवढं नवं. पूर्वी भाऊंच्या हाती फक्त आठवण होती. कुणाच्या घराला नवी गॅलरी झाली की ते म्हणायचे, "अशीच एक मी गिरगावात बघलंय." गिरगाव लांब, पुरावा कोण मागणार? समोरचा मान हलवून मोकळा व्हायचा. गुगलने 2017 साली लेन्स काढलं, पुढे कधीतरी पुतण्याने ते भाऊंच्या फोनवर चालवून दाखवलं आणि भाऊंच्या संशयाला चित्रं फुटली. काकींना मात्र त्यात नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "लगनाआदी ह्यांका माझो फोटो दाखवलो, तेव्हाय म्हणाले, अशीच एक कुडाळात बघलंय."

भाऊंच्या या स्वभावाला मुंबईत खतपाणी मिळालं. उमेदीची एकतीस वर्षं त्यांनी फोर्टातल्या एका वकिली कचेरीत काढली. कचेरी पेटंट, ट्रेडमार्क आणि डिझाइन यांची कामं करायची. भाऊ तिथे फायली वाहायला लागले आणि फायली वाचायला शिकून निवृत्त झाले. म्हणून कुणी सहज म्हटलं, "भाऊनू, ह्येचा पेटंट घेवया काय?" की ते ताठ होतात. डिझाइन पेटंट हा शब्द अमेरिकेतला. आपल्याकडे ती डिझाइनची नोंदणी. आधी 1911 चा कायदा होता, आता 2000 चा आहे. दप्तर कोलकात्याला. नोंदणी झाली की दहा वर्षं हक्क तुमचा, फी भरून आणखी पाच. त्यापुढे आकार सगळ्या जगाचा.

"पण भाऊनू, पेटंट आणि डिझाइन येकच मां?"

"येक कसा? होडी पाण्यात कशी पळता, ता पेटंट. होडयेची नाळ कशी दिसता, ता डिझाइन. डिझाइन डोळ्यांनीच जोखतत."

या कायद्याच्या चौथ्या कलमावर भाऊंचं विशेष प्रेम आहे. आकार नवा हवा, असं ते कलम म्हणतं. तो भारतात किंवा दुसऱ्या कुठल्याही देशात छापून, वापरून किंवा आणखी कुठल्याही मार्गाने लोकांपुढे आलेला असेल, तर नोंदणी नाही. म्हणजे 'ह्यां आदीच आसा' या तीन शब्दांवर संसदेने शिक्कामोर्तब केलं आहे. इतरांच्या खोडीला समाज खोडी म्हणतो. भाऊंच्या खोडीला कलम आहे.

गेल्या चतुर्थीआधीची गोष्ट. गणपतीच्या शाळेत आमच्या मूर्तिकाराने होडीत बसून वल्हं मारणारा गणपती केला होता. माती अजून ओली, सोंडेवरून बोट फिरवून तो गुळगुळीतपणा आणत होता. भाऊ आले, फोन उचलला. पेणला एक, लालबागेत एक आणि तिसरा चक्क थायलंडात, असे तीन होडीवाले गणपती त्या तडा गेलेल्या काचेत हजर.

"ह्यां आदीच आसा!"

मूर्तिकाराने वर न बघता विचारलं, "भाऊनू, देव आदीचोच. मगे तेचा रूप नवीन खंयसून येतला?"

भाऊ एवढ्याने हटणारे नव्हेत. न्यूयॉर्कच्या बंदरातली स्वातंत्र्यदेवी उभी राहिली 1886 मध्ये, पण तिचा शिल्पकार बार्थोल्डी याने 1879 मध्येच तिच्या रूपावर अमेरिकेत डिझाइन पेटंट घेऊन ठेवलं होतं, हे त्यांनी सांगितलं. आपल्याकडे मूर्तीसारखी कलाकृती डिझाइनच्या कायद्यात बसत नाही, तिचा कॉपीराइट वेगळा, हेही सांगितलं. मूर्तिकाराने सगळं ऐकून घेतलं आणि सोंडेचं टोक वळवत म्हणाला, "तेच्या बायचा इसर्जन नाय, म्हणान तेका परवाडला."

दुसरा प्रसंग त्यांच्या पुतणीचा. तिचं तारकर्लीला न्याहारी-निवास. कोकम सरबतासाठी तिने रातांब्याच्या आकाराची काचेची बाटली मनात धरली होती, कागदावर चित्रही काढलं होतं. भाऊंनी त्या चित्रालाच फोन लावला. गोल बाटल्यांची रांग लागली. संत्र्याची बाटली, डाळिंबाची बाटली, अत्तराची बाटली, आणि मधेच एक विजेचा दिवा. मग भाऊंनी कोकाकोलाच्या बाटलीची गोष्ट काढली. 1915 मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात रूट ग्लास कंपनीच्या माणसांना अंधारात हाताला लागली तरी ओळखू येईल अशी बाटली करायची होती. पेयाचं मूळ कशात आहे ते बघायला ते वाचनालयात गेले, ज्ञानकोश चाळला आणि कोकाऐवजी कोकोच्या शेंगेचं चित्र घेऊन परत आले. त्या शेंगेच्या उभ्या शिरा बाटलीवर आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तिला डिझाइन पेटंट मिळालं. पेयात कोको नावालाही नाही.

पुतणी म्हणाली, "म्हणजे तेंनी फळ चुकीचा घेतल्यानी, तरी बाटली बरोबर झाली. माझा फळ तरी बरोबर आसा मां?"

यावर भाऊंकडे उत्तर नव्हतं. ते फोनमध्ये उत्तर शोधत राहिले.

भाऊंची चेष्टा करणं सोपं आहे, पण ते काय करतात हे एकदा मी नीट बसून समजून घेतलं, आणि त्यात वेड कमी, विद्या जास्त निघाली. किनाऱ्यावर रापण ओढणं चाललं होतं. दोन्ही दोरांना माणसं लागलेली, जाळ्याचं पोट हळूहळू वाळूवर येत होतं. भाऊ म्हणाले, "शब्दान सोदना म्हणजे गरी. आणि फोटोन सोदना म्हणजे रापण."

मग त्यांनी उलगडून सांगितलं. गरीला एकच मासा लागतो, आणि कुठला हवा ते आधी ठाऊक असावं लागतं. आकाराला मात्र नाव नसतं. आमचा आडाळो घ्या. पुण्यात त्याला विळी म्हणतात, पात्याच्या टोकाला दात्यांचं चक्र असलं की विळी-खवणी. नोंदणीच्या दप्तरात तोच कुणी 'किचन टूल' म्हणून घातलेला असेल, कुणी 'ग्रेटर' म्हणून, कुणी नुसतं 'अवजार' म्हणून. या गोंधळावर उपाय म्हणून 1968 मध्ये लोकार्नो इथे वस्तूंच्या वर्गवारीचा करार झाला. भारत त्यात 2019 मध्ये सामील झाला. बत्तीस वर्ग आहेत, घरगुती सामान सातव्यात. पण एका वर्गातही चित्रांचा डोंगर असतो आणि तो पूर्वी माणसाच्या डोळ्यांनीच उपसावा लागायचा. आता डोळ्यांच्या आधी यंत्र उपसतं. युरोपच्या डिझाइनव्ह्यूमध्ये चित्र टाकलं की अनेक देशांच्या दप्तरांतली तसलीच चित्रं समोर येतात. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयानेही जुलै 2025 मध्ये आपल्या तपासनिसांच्या हाती डिझाइनव्हिजन नावाचं असंच साधन दिलं.

"मगे माणसाचा काम काय रवला?" मी विचारलं.

भाऊंनी रापणीकडे बोट केलं. जाळं आलं होतं. बांगडे, पेडवे, शेवाळ, एक चप्पल आणि दुधाची रिकामी पिशवी. बायका टोपल्या घेऊन बसल्या आणि बघता बघता प्रत्येक मासा आपापल्या टोपलीत गेला. "जाळ्याक बांगडो आणि चप्पल सारकीच," भाऊ म्हणाले. "निवडूक माणूस लागता."

त्याच संध्याकाळी त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातल्या आडाळ्याचा फोटो टाकून दाखवला. पहिल्या खेपेला आली मोटारसायकलची सीट, एक मगर आणि दाताच्या दवाखान्यातलं कसलंसं हत्यार. दुसऱ्या खेपेला भाऊंनी काकींची परात बाजूला केली, मागे पांढरं धोतर टांगलं, उजेड एका बाजूने घेतला. आता मात्र मासळी आली. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नारळ खवायचं घडीचं लाकडी आसन असतं. स्वाहिलीत त्याला 'म्बुझी' म्हणतात, म्हणजे बकरी. थायलंडात नारळाच्या खवणीला 'क्रताय' म्हणतात, म्हणजे ससा, आणि जुन्या खवण्या खरोखरच सशासारख्या कोरलेल्या असतात. सगळ्यांची बैठक तीच, पुढे काढलेली मान तीच, तोंडातले लोखंडी दात तेच. समुद्राच्या त्या काठावरही कुणाची तरी आजी एक पाय मुडपून बकरीवर बसली होती आणि खोबरं परातीत पडत होतं.

भाऊ बराच वेळ काही बोलले नाहीत. 'ह्यां आदीच आसा' हे वाक्य त्या दिवशी त्यांनी फार हळू आवाजात म्हटलं, आणि त्यात प्रथमच कुणाला पाडल्याचा आनंद नव्हता. काकींनी मान वाकवून ते फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "सगळीकडे बायकोच कातता. घोव खंय दिसना नाय."

तर अशा या जुन्याजाणत्या आडाळ्यात सुताराच्या बाळोने नवेपणा काढला. त्याच्या आयेचे गुडघे गेले, तिला खाली बसवेना. बाळोने फणसाच्या लाकडाचा बांगडा कोरला. हातभर लांब, पोटात फुगीर, अंगावर तिरक्या रेघा. आ वासलेल्या तोंडात दात्यांचं चक्र, आणि शेपटी अशी वळवलेली की ती ओट्याच्या कडेखाली जाऊन घट्ट बसावी. आये खुर्चीवर बसून नारळ कातू लागली आणि बाळोला दोन शेजारणींनी ऑर्डर दिली. तिसऱ्या दिवशी अर्थातच भाऊ आले.

भाऊंनी पाहिलं. फोटो काढला. अंगठा सरकवला. पुन्हा सरकवला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आला, ही अनर्थाची खूण. "झिला, ह्यां चार दिस माझ्याकडे ठेव," एवढंच म्हणून ते बांगडा पंच्यात गुंडाळून घेऊन गेले.

त्या चार रात्री भाऊंच्या पडवीतला दिवा मालवला नाही. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून आणि एक तिरका, असे सात फोटो त्यांनी काढले. आपल्याकडे अर्जाला जोडायची चित्रंही याच सात बाजूंची असतात. मग लेन्स, मग डिझाइनव्ह्यू, मग आपल्या दप्तराचं संकेतस्थळ. तिथे मुकाट्याने वस्तूचं नाव आणि वर्ग घालून गरी टाकत बसायचं. माशाच्या आकाराच्या पाट्या निघाल्या, माशाच्या आकाराचे बाटली उघडायचे चाप निघाले, ओट्याला आवळायच्या खवण्या तर पैशाला पासरी. पण बांगडा, त्याच्या तोंडात चक्र आणि ती वळलेली शेपटी, असं एकत्र कुठेच नाही.

मी म्हटलं, "भाऊनू, शेपटी ओट्याक अडकता ती युक्ती?"

"युक्ती डिझाइनात येणा नाय. ती पेटंटाकडे, आणि तसले चाप हजारभर आसत. आपलो हक्क फकस्त दिसण्यावर."

आणि एखादं अंधुक मिळतंजुळतं चित्र सापडलं असतं तर? त्यावर भाऊंनी 2008 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सांगितला. भारत ग्लास ट्यूब विरुद्ध गोपाल ग्लास वर्क्स. काचेच्या तक्त्यांवरच्या नक्षीचा वाद. नक्षी जुनी आहे हे दाखवायला ब्रिटिश पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरून उतरवलेली चित्रं पुढे करण्यात आली. पण कागदावरच्या रेघा काचेवर आल्यावर डोळ्यांना कशा दिसतात, याची तुलना त्यातून होईना, आणि नोंदणी टिकली. तात्पर्य, फोनने 'सापडलं' म्हटलं तरी बघायचं काम संपत नाही. तिथून ते सुरू होतं.

पाचव्या दिवशी सकाळी भाऊ बाळोच्या खळ्यात उभे राहिले. वाडी जमली. भाऊंनी घसा खाकरला, एकदा आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "ह्यां... आदी नाय."

क्षणभर कुणाला कळेना. मग शिट्टी वाजली, कुणी नारळ फोडला. आपल्या आयुष्यात पहिल्यांदाच एक नवी वस्तू पाहिलेला माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. भाऊंचे डोळे भरून आले होते. भाऊंच्याच पुढाकाराने संध्याकाळी देवळात गाऱ्हाणं झालं. बाळोच्या आडाळ्याक यश दी, तेचो कोण चोर आसात तर तेका वाट दाखव, होय म्हाराजा! सोमवारी अर्ज करायचा ठरला. एकट्यादुकट्या माणसाला फी अवघी 1,000 रुपये. ती भाऊच भरणार होते.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं संगणकासमोर बसलो. अर्जाची अक्षरं भाऊंना पाठ. शेवटचं बटण दाबायच्या आधी ते म्हणाले, "जुन्या कचेरीतली सवय. येकदा परत बघतंय." आणि त्यांनी फोटो लेन्समध्ये टाकला.

पहिलंच चित्र बांगड्याचं. तोच फणस, त्याच रेघा, तीच शेपटी. मागे पांढरं धोतरसुद्धा तेच.

"चोर!" भाऊ ओरडले. "कोणी केल्यान ह्यां? धरा तेका!"

बाळोने चित्रावर बोट टेकवलं. पान उघडलं. ते भाऊंचंच फेसबुक होतं. देवळातून परत आल्यावर आनंदाच्या भरात त्यांनी सातही फोटो टाकले होते, वर ओळ होती, 'आमच्या वाडीतल्या बाळोचो जगात पयलो बांगड्या आडाळो'. मुंबईच्या चाकरमान्यांनी तो गावभर, दुबईवाल्यांनी जगभर पुढे ढकलला होता. खाली कुणीतरी गमतीने लिहिलं होतं, 'भाऊनू, ह्यां आदीच आसा!'

आणि ते आता खरं झालं होतं. विश्वासाने एकट्याला दाखवलं तर गोष्ट वेगळी. आधी कार्यालयाला कळवून प्रदर्शनात मांडलं तरी सहा महिन्यांची सवड मिळते. पण मालकाच्या बाजूनेच चारचौघांत उघड केलं की कलम चौथं, नवेपणा संपला. उभ्या जन्मात भाऊंनी एकाच वस्तूला नवं म्हटलं, आणि तसं म्हटल्यामुळेच ती जुनी झाली. त्यांनी घाईघाईने फोटो काढून टाकले, पण जाळ्याबाहेर उडालेला बांगडा किनाऱ्यावर हाका मारून परत येत नाही.

भाऊ तीन दिवस घराबाहेर पडले नाहीत. चौथ्या दिवशी बाळोच त्यांच्या पडवीत गेला. त्या पोस्टमुळे त्याला अकरा ऑर्डरी आल्या होत्या. बांगड्या आडाळो आता कुणीही करू शकतो, त्यात बाळोही आला. "भाऊनू, बांगडो गेलो तर गेलो," तो म्हणाला, "दर्यात मासे काय कमी आसत?" आणि त्याने पिशवीतून दुसरा आडाळो काढून त्यांच्यापुढे ठेवला. भाऊंचा हात सवयीने गळ्यातल्या फोनकडे गेला. मग त्यांनी दोरी मानेवरून काढली, फोन काकींच्या हातात दिला आणि दोन्ही हातांनी तो आडाळो उचलून उजेडाकडे धरला.

वाचकांनी माफ करावं. या दुसऱ्या आडाळ्याचा आकार कसा आहे, ते मी इथे लिहिणार नाही. अर्ज अजून जायचा आहे, आणि छापून आलेलं सगळं आदीच असतं.